रंग गेला, पाणी शुद्ध झाले का?

नदीचे पाणी लाल किंवा काळे झाले की आपल्याकडे ओरड होते. गावकरी बंधाऱ्यावर जमतात, अधिकारी येऊन बाटल्यांत नमुने भरतात, पंचनामा होतो, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात. पुढे आठ-पंधरा दिवसांत पाणी निवळते आणि सारे आपापल्या कामाला लागतात. 'डॉक्टर, आता पाणी स्वच्छ झाले ना?' हा प्रश्न मला दवाखान्यात नेहमी विचारला जातो. प्रश्न साधा आहे, उत्तर तितके साधे नाही. पाण्याचा रंग जाणे आणि पाणी शुद्ध होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळे आपण चुकीच्या ठिकाणी समाधान मानतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आजचा लेख त्यासाठीच.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि पुढे या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. माग आले, त्यामागून सायझिंग आले, धुलाई आणि रंगाईचे कारखाने आले. हजारो घरांची चूल यावर पेटते. मात्र या धंद्याचे सांडपाणी शेवटी ओढ्या-नाल्यांतून पंचगंगेकडे जाते, आणि पंचगंगा पुढे शिरोळ तालुक्यातून वाहत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. नदीकाठच्या गावांनी तेच पाणी प्यायचे, जनावरांना पाजायचे आणि उसाला द्यायचे. वरच्यांचा रोजगार आणि खालच्यांचे आरोग्य अशी ही ओढाताण आहे. मी धंद्याच्या विरोधात नाही. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत मागावरचे आणि रंगखात्यातले कामगार आहेत, तसे नदीकाठचे शेतकरीही आहेत. दोघांचे भले एकाच वेळी व्हावे, एवढीच इच्छा आहे.

कापड रंगते तेव्हा काय होते?

सुती कापड रंगवायला आज बहुतेक ठिकाणी 'रिअ‍ॅक्टिव्ह' जातीचे रंग वापरतात. १९५६ साली ते बाजारात आले. ते धाग्याशी रासायनिक बंधनाने जोडले जातात, म्हणून धुतल्यावर सहसा जात नाहीत. गिऱ्हाइकाला पक्का रंग मिळाला. पण या रंगाची एक खोड आहे. तो धाग्याशी जसा जोडला जातो, तसा पाण्याशीही जोडला जातो. पाण्याशी जोडला गेलेला रंग कापडाच्या काही उपयोगाचा राहत नाही. तो धुऊन काढावा लागतो आणि गटारात जातो. रंगाच्या जातीप्रमाणे आणि पद्धतीप्रमाणे शेकडा दहापासून चाळीसपर्यंत रंग असा वाया जातो.

दुसरी गोष्ट मिठाची. रंग पाणी सोडून धाग्याकडे जावा म्हणून रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालतात. गडद रंगाला लिटरमागे साठ ग्रॅम मीठ ही नेहमीची गोष्ट आहे. एक किलो कापडाला दहा लिटर रंगाचे पाणी धरले, तर किलोमागे सहाशे ग्रॅम मीठ झाले. एक टन कापडामागे सहा क्विंटल! यातला कणभरही कापडाबरोबर दुकानात जात नाही. काम झाले की सगळेच्या सगळे मीठ पाण्याबरोबर बाहेर पडते. आपण गृहिणीला भाजीत मीठ बेताने घाला म्हणून सांगतो, पण एका गडद रंगाच्या शर्टामागे नदीच्या वाट्याला किती मीठ गेले याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

याखेरीज मागावर धागा तुटू नये म्हणून लावलेली खळ रंगवण्याआधी धुऊन काढतात. तिच्यातला स्टार्च, कॉस्टिक सोडा, साबण, ब्लीचिंगची रसायने हे सारे त्याच पाण्यात येते, आणि बरेचसे पाणी गरम असते.

डोळ्यांना न दिसणारे त्रास

रंगाचा एक गुण असा, की तो थोडा असला तरी दिसतो. लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमपेक्षा कमी रंग असला तरी डोळ्याला कळतो. म्हणून त्याची बोंब लवकर होते. बाकीच्या गोष्टी दिसत नाहीत, म्हणून त्यांची बोंब होत नाही.

पहिली गोष्ट प्राणवायूची. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर मासे जगतात. तीस अंश तपमानाला स्वच्छ पाण्यातही लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. खळीचा स्टार्च आणि गावाचा मैला कुजवणारे जंतू तोच प्राणवायू खाऊन टाकतात. उन्हाळ्याच्या तोंडी तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसल्याच्या बातम्या आपण वाचतो. असे मासे बहुतेक वेळा गुदमरून मरतात. पाणी रंगीत असो की नितळ, प्राणवायू संपला की परिणाम तोच.

दुसरी गोष्ट क्षारांची. पाण्यात विरघळलेले मीठ गाळून जात नाही, कुजून जात नाही, उन्हाने उडूनही जात नाही. शिरोळ भागातल्या शेतकऱ्याला 'क्षारपड' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पाण्याचा अतिरेक आणि निचऱ्याचा अभाव ही तेथील जमिनी फुटण्याची मुख्य कारणे आहेत हे खरे, पण अशा जमिनीला खारे पाणी देणे म्हणजे मधुमेहाच्या रुग्णाला पेढे देणे आहे. माणसाच्या बाबतीतही, ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांना पाण्यातून येणारे जादा सोडियम वर्ज्यच समजावे.

तिसरी गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. जगात वापरल्या जाणाऱ्या रंगांपैकी निम्म्याहून अधिक 'अ‍ॅझो' गटातले असतात. नदीच्या तळाच्या चिखलात, जेथे प्राणवायू नसतो, तेथील जंतू हे रंग मधोमध तोडतात. रंग तुटला की त्याचा रंगीतपणा जातो. आपण खूश होतो. पण त्याचे तुकडे 'अ‍ॅरोमॅटिक अमाइन' नावाची बिनरंगी रसायने असतात. त्यांतली सगळी घातक नसतात, काही मात्र निश्चित कर्करोगकारक आहेत. १८९५ साली फ्रँकफुर्टच्या रेन नावाच्या शल्यविशारदाने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे दाखवून दिले. पुढे बेंझिडीनसारखी अमाइन त्यामागे असल्याचे सिद्ध झाले. भारत सरकारने १९९० च्या दशकात अशी अमाइन सुटू शकणाऱ्या शंभराहून अधिक रंगांवर बंदी घातली. बंदी असली तरी सुट्या पुडीतून, नावाच्या लेबलाशिवाय येणारा स्वस्त रंग नेमका कोणता, हे विकत घेणाऱ्याने विचारलेच पाहिजे.

येथे एक सावधगिरीची सूचना. नदीकाठच्या प्रत्येक कर्करोगाचे खापर रंगाच्या पाण्यावर फोडणे शास्त्राला धरून नाही. तंबाखू आणि मिश्री हे आपल्या भागातले फार मोठे गुन्हेगार आहेत आणि ते आपण स्वतःच्या हाताने तोंडात घालतो. त्याचप्रमाणे २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली, माणसे दगावली, ती पाण्यात मैला मिसळल्याने पसरणाऱ्या विषाणूची होती. त्यात रंगाचा दोष नव्हता. पंचगंगेत शहरांचा मैला येतो, गावांची गटारे येतात, साखर कारखानदारीचा भारही आहे. जागोजागी माजलेले केंदाळ हे मैल्याच्या खतावरच पोसते. रंगाच्या पाण्याकडे बोट दाखवून नगरपालिकांनी आपला मैला लपवू नये, आणि मैल्याकडे बोट दाखवून कारखानदारांनी आपले मीठ लपवू नये.

शुद्धीकरण म्हणजे काय?

आता उपचाराकडे वळू. रंगाच्या सांडपाण्यावर प्रक्रिया कशी करतात हे सामान्य वाचकाने समजून घ्यावे, कारण त्याशिवाय कोणी काय टाळले हे कळणार नाही.

प्रथम सगळे पाणी एका मोठ्या टाकीत घेऊन एकजीव करतात. कधी आम्ल, कधी अल्कली, कधी गरम, कधी थंड असे पाणी एकसारखे झाले तरच पुढचे काम नीट होते. मग चुना आणि हिराकस किंवा तुरटी घालतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ बसतो, तसाच हा प्रकार. काही जातींचे रंग यात चांगले बसतात. पण रिअ‍ॅक्टिव्ह रंग पाण्यात पूर्ण विरघळलेले असतात, ते पुष्कळसे निसटतात. खाली बसलेला गाळ हा घातक कचरा असतो. तो रस्त्याकडेला किंवा शेतात टाकायचा नसतो.

त्यानंतर हवा खेळवलेल्या टाकीत जंतूंकरवी स्टार्च आणि इतर सेंद्रिय घाण खाऊन टाकली जाते. हे जंतू म्हणजे या केंद्राचे खरे कामगार. त्यांना रोज जेवण लागते, हवा लागते, एकदम विष घातले तर ते मरतात. वीज वाचवण्यासाठी रात्री हवेची यंत्रे बंद ठेवली, तर सकाळपर्यंत टाकीतले जंतू गुदमरू लागतात आणि पुढे दिवसचे दिवस ती टाकी नीट काम देत नाही. आधी प्राणवायूविना आणि मग प्राणवायूसह अशी जंतूंची दोन पायऱ्यांची योजना केली, तर पहिल्या पायरीत रंग तुटतो आणि दुसऱ्या पायरीत त्याचे पुष्कळसे अमाइन तुकडेही नष्ट होतात. शेवटी वाळू आणि कोळशाच्या गाळण्या, कोठे ओझोन.

एवढे सगळे उत्तम झाले तरी मीठ जसेच्या तसे राहते. चुना, जंतू, कोळसा यांपैकी कोणीही त्याला हात लावत नाही. मीठ काढायचे तर अतिसूक्ष्म पडद्यातून दाबाने पाणी गाळावे लागते आणि उरलेले खारे पाणी आटवावे लागते. त्याला वीज लागते, इंधन लागते, पैसा लागतो. म्हणून शुद्धीकरणाची चर्चा नेहमी रंगाशी येऊन थांबते आणि मिठाचे नाव कोणी काढत नाही.

केंद्र सरकारने २०१६ साली वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याचे जे निकष ठरवले, त्यांत रंगाबरोबर विरघळलेल्या क्षारांचीही मर्यादा आहे: लिटरमागे २१०० मिलिग्रॅम. रंगाच्या टाकीत आपण लिटरमागे साठ ग्रॅम म्हणजे साठ हजार मिलिग्रॅम मीठ घातले होते, हे आठवा. नंतरच्या धुण्याच्या पाण्याने ते पातळ होते खरे, पण पातळ करणे म्हणजे काढून टाकणे नव्हे.

सर्वांत वाईट पळवाट म्हणजे शेवटच्या टाकीत ब्लीचिंग किंवा हायपो ओतून पाणी नितळ करणे. तपासणीच्या दिवशी हा उपाय हमखास लागू पडतो. रंग क्षणात जातो. मीठ मात्र उलट वाढते, आणि क्लोरीनची सेंद्रिय संयुगे तयार होतात, ती मूळ रंगाहून बरी असतील याची शाश्वती नाही. विषमज्वराच्या रुग्णाला केवळ ताप उतरवण्याची गोळी देऊन घरी पाठवणाऱ्या डॉक्टरला तुम्ही काय म्हणाल? तापाने निदान आजार असल्याचे कळत होते. रंगाचेही तसेच आहे. रंग हा या पाण्याचा ताप आहे.

तिरुपूरने काय शिकवले?

तमिळनाडूतील तिरुपूर हे बनियन आणि होजिअरीचे मोठे गाव. तेथील रंगाईचे पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत जात होते. शेतीसाठी म्हणून १९९२ साली त्या नदीवर ओरत्तुपाळयम येथे धरण बांधले, आणि त्यात साठले ते रंगाईचे खारे पाणी. शेतकऱ्यांनी आपल्याच धरणाचे पाणी सोडू नका म्हणून दाद मागावी, अशी पाळी आली. शेवटी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०११ मध्ये तेथील शेकडो रंगाई कारखाने बंद झाले. ज्यांचा काही दोष नाही अशा कामगारांचा रोजगार गेला.

पुढे तेथे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत आली. पडद्यांतून गाळलेले पाणी पुन्हा कारखान्यात वापरले जाते आणि खारे पाणी आटवून त्यातले मीठ पुन्हा रंगाईला घेतले जाते. म्हणजे हे काम अशक्य नाही. ते स्वस्त मात्र नाही, आणि आटवल्यावर उरणाऱ्या मिश्र क्षारांचे काय करायचे ही अडचण तेथेही आहेच. मला यातून एकच धडा दिसतो. न्यायालयाने टाळे लावेपर्यंत थांबले तर नदीही जाते आणि रोजगारही जातो. आपण ती वेळ येऊ देऊ नये.

कोठून सुरुवात करावी?

शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी नव्हे, रंगखात्यापासून सुरुवात करावी. जे मीठ टाकलेच नाही, ते काढावे लागत नाही. रंगाच्या टाकीचे दाट खारे पाणी आणि नंतरचे धुण्याचे पातळ पाणी यांची गटारे वेगळी ठेवली, तर आटवायचे पाणी थोडेच उरते. कमी पाण्यात रंगवणारी यंत्रे आहेत, कमी मीठ मागणारे रंग आहेत. कापडाला रंग आणि सोडा लावून ते गुंडाळून रात्रभर फिरवत ठेवण्याची 'कोल्ड पॅड बॅच' नावाची पद्धत आहे, तिला मीठ लागतच नाही. लहान कारखानदाराला हे एकट्याने परवडणार नाही हे मला मान्य आहे. त्यासाठी सहकार हाच मार्ग आहे. सूतगिरण्या, साखर कारखाने आणि दूध संघ सहकाराने उभे करणाऱ्या जिल्ह्याला हे सांगायला नको. सरकारनेही कर्जाच्या व्याजात आणि विजेच्या दरात हात दिला पाहिजे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माझे मागणे एवढेच, की तपासणीचे आकडे फायलीत न ठेवता दर आठवड्याला नदीकाठच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावेत. त्यात रंगाबरोबर क्षार आणि प्राणवायू हे दोन आकडे ठळक असावेत.

गावकऱ्यांनाही बरेच करता येईल. क्षार मोजण्याचे पेनाएवढे साधे यंत्र आता काही शे रुपयांत मिळते. काठावरच्या शाळांनी रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी पाणी मोजून वहीत आकडा लिहावा. आपण रुग्णाच्या तापाचा तक्ता ठेवतो, तसा नदीचा तक्ता ठेवावा. वर्षभराची अशी वही सभेतल्या दहा भाषणांपेक्षा अधिक बोलेल.

घरात आणि कामावर घ्यायची काळजी

पाणी खळखळून उकळल्याने काविळीचे, जुलाबाचे, विषमज्वराचे जंतू मरतात. म्हणून उकळणे सोडू नका. पण उकळल्याने मीठ आणि रसायने जात नाहीत, उलट पाणी आटेल तशी ती दाट होतात. तुरटीने पाणी नितळते, क्षार जात नाहीत. तेव्हा नदी रंगीत किंवा खारी असेल त्या दिवसांत पिण्यासाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी घेणे हाच खरा उपाय आहे, आणि ते पुरवणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे. कारखान्यातून स्वस्तात मिळणारे रसायनांचे निळे पिंप घरात पाणी किंवा धान्य साठवायला कधीही वापरू नका. कितीही धुतले तरी नाही.

रंगखात्यातल्या कामगार बंधू-भगिनींनो, रंगाची कोरडी पूड सर्वांत वाईट. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची धूळ नाकात गेल्याने काहींना कायमचा दमा जडतो. पूड तोलताना तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, धूळ अडवणारा मास्क लागतो. रबरी हातमोजे मालकाकडे मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. हाताला लागलेला रंग काढायला हायड्रो किंवा ब्लीचिंग चोळू नका, त्याने कातडी सोलवटते आणि रसायनांना आत जायला वाट मिळते. कामाच्या जागी जेवू नका, तंबाखू मळू नका. लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच आणि न दुखता का असेना, त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा आणि आपण रंगाचे काम करतो हे आवर्जून सांगा. डॉक्टर विचारायला विसरेल, तुम्ही सांगायला विसरू नका.

आणि पुढच्या वेळी कोणी बाटलीत नितळ पाणी भरून 'बघा, किती स्वच्छ आहे' असे सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारा: यात मीठ किती आहे, आणि प्राणवायू किती आहे? या दोन आकड्यांशिवाय मिळालेले स्वच्छतेचे प्रमाणपत्र वाचकांनी मान्य करू नये.